पहिल्याच ‘नको’ला उचललेलं भांडं

कोलंबियातल्या काली शहरात माझा दुसरा आठवडा चालू होता आणि मी उपाशी होतो... खोटं वाटेल, पण रोज संध्याकाळी माझ्यासमोर भाताचं भरलेलं पातेलं असायचं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी मुळशीतल्या माले गावचा, वय तेवीस, आयटीआय केलेला फिटर. आमच्या कंपनीनं तिथल्या एका साखर कारखान्याला यंत्रं विकली होती, ती बसवायला मला आणि आमच्या साहेबांना पाठवलं.

साहेबांची सोय हॉटेलात. माझी एल्विराबाई नावाच्या एका विधवेच्या घरी... राहणं, जेवण, सगळं तिथेच.

पहिल्या दिवसापासून गोंधळ. बाईंनी दारातच माझ्या गालाला गाल लावला. मी दचकलो आणि पाया पडायला वाकलो. माझं काहीतरी खाली पडलंय असं वाटून त्याही शोधायला वाकल्या... बराच वेळ आम्ही दोघं फरशी बघत होतो.

भाषा कळेना. बस कुठे थांबते ते कळेना. अनोळखी माणसं रस्त्यात हसून बोलायची, मग मी मागे वळून बघायचो की माझ्यामागे कोण आहे.

पण सगळ्यात न कळणारी गोष्ट म्हणजे जेवण. बाई पहिल्यांदा वाढायच्या... थोडा भात, राजम्यासारख्या दाण्यांची घट्ट उसळ आणि मक्याची जाडसर भाकरी. मी मांस खात नाही हे साहेबांनी सांगितलेलं, म्हणून उसळ माझ्यासाठी वेगळी शिजायची. ते संपलं की बाई पातेलं पुढे करायच्या आणि मी म्हणायचो, “नो, नो.”

बाई “बुएनो” म्हणायच्या, म्हणजे ‘बरं’... आणि पातेलं उचलून आत न्यायच्या!

मी बघतच राहायचो. आमच्याकडे पहिलं ‘नको’ म्हणजे नुसती सुरुवात. पंगतीत ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून आमटी पडते, आणि एका ‘नको’वर थांबणाऱ्या यजमानाला गाव नावं ठेवतं.

दुपारी कारखान्यात रोज गोमांस, म्हणून मी केळ्यांवर भागवायचो. संध्याकाळी हे असं. पँट कमरेला राहीना, पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं.

बाई वाईट होत्या म्हणावं तर तसंही नाही. माझे कपडे इस्त्री करून ठेवायच्या, खोलीत फुलं ठेवायच्या... मग पोटभर वाढायलाच काय होतं? माझा रंग, माझं हातानं जेवणं खटकतंय की काय, असं मनात यायला लागलं. आता मी जरा जोरात नकार द्यायला लागलो. दोन्ही हात ताटावर आडवे धरायचो, म्हणजे आता तरी बाईंना आग्रह करायचं सुचेल. बाईंचा चेहरा उतरत चालला आणि मला काहीच उमगेना.

एका शनिवारी साहेबांनी बोलावलं. म्हणाले, बाईंचा निरोप आलाय, या मुलाला दुसरीकडे हलवा. त्यांचा स्वयंपाक तुला आवडत नाही, तू ताट हातानं झाकून घेतोस, घास जणू विषाचा आहे. त्यांना ते रोज बघवत नाही.

मला खरंच रडू आलं. मी म्हटलं, “साहेब, मी मानापुरतं न्हाई म्हणतुया. पोटात आग पडलीया.”

साहेब हसले. ते पुण्याच्या पेठेतले, पहिल्या नकारावर थांबणारी माणसं त्यांना नवी नव्हती... त्यामुळे त्यांचं तिथे काही अडलं नसावं. म्हणाले, “अरे, इथे नको म्हणजे नको. तुला हवं असेल तर तोंडानं माग.”

तोंडानं माग! परक्याच्या घरी ताट पुढे करून अन्न मागायचं... साताऱ्याच्या एसटीत विनातिकीट पकडलं गेलो असतो तरी एवढी लाज वाटली नसती.

त्या संध्याकाळी भात संपला. बाईंनी पातेलं पुढे केलंच नाही, नुसत्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी डोळे मिटले, ताट उचललं आणि साहेबांनी पाठ करून दिलेलं वाक्य म्हटलं... अजून द्या.

बाईंनी एक डाव घातला. मी तो संपवून पुन्हा मागितलं. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा त्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि ॲप्रनला डोळे पुसायला लागल्या... पुसता पुसता हसायलाही लागल्या.

मी कुठेही हललो नाही. चौदा महिने त्याच घरात राहिलो आणि रोज मागून जेवलो. एल्विराबाईंचे उपकार मी कधी विसरणार नाही.

घरी मालेला परत आलो त्या दिवशी आईनं आंबेमोहोराचा भात केला होता. ताट रिकामं झालं आणि ती डाव उचलायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, “आई, भात वाढ अजून.”

तिचा हात जागीच थांबला. चोवीस वर्षांत मी तिच्याकडे वाढ म्हणून कधी मागितलं नव्हतं, तशी वेळच तिनं येऊ दिली नव्हती. माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, “तितं उपाशी ऱ्हायलास व्हय रं?”

मी म्हटलं, “न्हाई गं.”

माझं ‘न्हाई’ तिनं जन्मात कधी खरं मानलं नव्हतं... त्या दिवशीही मानलं नाही. तोंड वळवून तिनं पातेलं माझ्या ताटात उपडं केलं.