लेकीला येऊ नको म्हणालो

सुरतेत आमच्या लूमच्या कारखान्यात खोकल्याला कोणी आजार मानत नाही. धाग्याची धूळ घशात बसते, कारागीर खिशातला गुळाचा खडा तोंडात टाकतो आणि कामाला लागतो. इतकी वर्षं मीही तेच केलं. त्यामुळे तो खोकला सुरू झाला तेव्हा मी फक्त गूळ वाढवला.

दोन आठवडे झाले. उबळ आली की श्वास परत घेता यायचा नाही, कधी जेवलेलं सगळं बाहेर. बायको रोज डॉक्टरचं नाव काढायची. मी ऐकतोय होय! शेवटी डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसलो, तेव्हा शेठनेच जवळच्या पर्वत पाटिया भागातल्या डॉक्टरकडे पिटाळलं.

डॉक्टर म्हणाले, डांग्या खोकला दिसतो. मला हसूच आलं. तो तर लहान पोरांना होतो! तपासणीची चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घर में छोटा बच्चा है?"

"नाही. पण परवा मुलगी येतेय, बाळंतपणाला."

त्यांचं पेन थांबलं. मोठ्यांना हा खोकला छळतो, तान्ह्याच्या मात्र जिवावर बेततो, म्हणाले. मला आणि बायकोला पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. मुलीला तिच्या डॉक्टरला विचारून पोटातल्या बाळासाठी लस घ्यायला सांगा, आणि गोळ्या संपेपर्यंत तिला घरात आणू नका.

घरी येऊन मी फोन हातात घेतला तशी बायको भडकली. "पयलं बाळंतपण शे! पोरले येऊ नको कोन सांगस?"

मी लेकीला फोनवर सांगितलंच. पलीकडून नुसतं, "बरं."

गोळ्या संपल्या, पण तोवर तिला नववा लागला होता. तिच्या डॉक्टरीणबाईंनी लस दिली आणि प्रवास नको म्हटलं. बाळंतपण सासरी, नंदुरबारला झालं. नातेवाइकांनी मला चांगलंच फैलावर घेतलं, आणि मला वाईटही फार वाटलं. खोकला त्यानंतरही कितीतरी दिवस रेंगाळला. नातवाला मोबाइलवर बघताना उबळ आली, तरी मी तोंड फिरवायचो.

दोन महिन्यांनी लेक आली. मी दारातच मागे सरलो.

"बाबा, तवय माले भलता राग उना व्हता," ती बाळ पुढे करत म्हणाली. "आते ल्या याले."

घेतला. तो गाढ झोपला होता. मी हळूच त्याच्या छातीला कान लावला. श्वास कुठेही न अडकता येत होता, जात होता. मी तोच ऐकत बसलो.