गुरुजींच्या टाकीतली तिसरी खेप

चष्मा कपाळावर सरकवायचा, नाक जवळजवळ काचेला टेकवायचं आणि मागे न बघताच म्हणायचं, "पहले देख लो, मग बोला." दुर्गाघाटावरच्या आमच्या गुरुजींचं हे ठरलेलं वाक्य. माशांच्या टाकीपाशी येऊन कुणी तोंड उघडलं, की त्याला ते ऐकावंच लागे.

बँकेतल्या बदलीमुळे मी साताऱ्याहून बनारसला आले आणि गुरुजींच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या काशीतलं. घरात मराठी, पण मधेमधे हिंदी अशी मिसळलेली, की दोन्ही एकच वाटावं. महाराष्ट्रातून अस्थी घेऊन येणाऱ्यांचे विधी करणं हे त्यांचं काम. सकाळी सातला घाटावर, दुपारी एकला घरी. अंघोळ झाली, की ओल्या केसांनी थेट टाकीपुढे. काकू जेवणाचं ताट तिथेच आणून देत. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, संपूर्ण घर सोडून एकाच कोपऱ्यात राहणारा.

टाकीत एंजल माशांची जोडी होती. चपटी, चंदेरी, अंगावर काळे पट्टे. गुरुजींनी फुटक्या पाटीचा एक तुकडा काचेला तिरका टेकवून ठेवला होता. मादीने त्यावर दोनदा अंडी घातली आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पाटी साफ. त्या दोघांनीच खाऊन टाकली. मासे विकणारा दुकानदार म्हणाला, "पंडितजी, अंडे अलग कर दीजिए." गुरुजींना ते पटेना.

"आई-बाप समोर असताना पोरं वेगळी कशाला काढू? घाबरतात म्हणून खातात. भीती घालवली पाहिजे."

तिसऱ्यांदा अंडी आली ती एका गुरुवारी संध्याकाळी. राजगिऱ्याएवढी, मधाच्या रंगाची, ओळीने चिकटवलेली. त्याच क्षणी घराचे नियम बदलले. टाकीच्या तीन बाजूंना जुनं धोतर लावलं गेलं. मिक्सर बंद झाला आणि काकू चटणी पाट्यावर वाटू लागल्या. मी जिना अनवाणी उतरू लागले. घरातली आरतीसुद्धा घंटेशिवाय झाली.

"देवाला तशीही ऐकू येते," गुरुजी म्हणाले. "या दोघांना मात्र जरा जास्तच ऐकू येते."

शुक्रवारी आणि शनिवारी मी बँकेतून जेवणाच्या सुट्टीत गुरुजींना फोन करायची.

"आहेत का अजून?"

"आहेत, बेटा. दहा-बारा पांढरी पडली होती, ती हिने वेचून काढली. आता नवरा पंख्याने वारा घालतोय. आपल्याच पंखाने."

आमच्या शाखेतली माणसंही विचारू लागली. शनिवारी तर रांगेतल्या एका ग्राहकानेच विचारलं, "मॅडम, बच्चे निकले?"

रविवारी सकाळी मी खाली आले, तेव्हा सात वाजून गेले होते आणि गुरुजी घाटावर गेले नव्हते. असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला नुसती हाताने खूण केली. मी वाकून बघितलं. अंड्यांची सगळी ओळ थरथरत होती. काही अंड्यांतून केसासारखी शेपटी बाहेर आली होती आणि वळवळत होती.

तेवढ्यात त्यांचा फोन थरथरला. घाटावर यजमान अर्धा तास उभे होते. बार्शीचे निवृत्त एसटी ड्रायव्हर, बायकोच्या अस्थी घेऊन एकटेच आलेले. गुरुजींना खोटं काही सुचलं नाही.

"चूक झाली माझी," ते म्हणाले. "घरी माशांची पिल्लं बाहेर येतायत. पाय निघेना. आलोच मी."

पलीकडून प्रश्न आला, "आवं, मला बी दावता का?"

दहा मिनिटांत ते दारात उभे राहिले. उंच, वाकलेले, छातीशी लाल कापडाची पुरचुंडी. उंबरठ्याशी थबकून म्हणाले, "आत कसा येऊ? ही हाय संगं."

अस्थी घरात आणत नाहीत, हे गुरुजींइतकं कोणाला ठाऊक असणार? पण ते काही बोलायच्या आत काकू हात पुसत बाहेर गेल्या. दाराबाहेरच्या कोनाड्यात त्यांनी पुरचुंडी ठेवायला लावली आणि म्हणाल्या, "तुम्ही जा आत. मी थांबते त्यांच्यापाशी." आणि त्या खरोखरच गल्लीत कोनाड्याला टेकून उभ्या राहिल्या.

आम्ही तिघं काचेपुढे बसलो. पहिलं पिल्लू सुटलं आणि लगेच मादीने त्याला तोंडात घेतलं. गुरुजींनी डोळे गच्च मिटले.

"गेलं," ते पुटपुटले. "या वेळीही गेलं."

बार्शीच्या पाहुण्यांनी त्यांच्या दंडाला धरलं. "डोळं उघडा, गुरुजी. ठिवलं बगा तिनं."

मादीने पिल्लू शेजारच्या पानावर अलगद थुंकून चिकटवलं होतं. मग दुसरं नेलं. मग नराने तिसरं. ती दोघं एकेक पिल्लू तोंडातून नव्या जागी हलवत होती. गुरुजी आधी हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम. पाहुणे मोठ्याने मोजत होते. चाळीसनंतर त्यांचा हिशेब चुकला, तसे ते पुन्हा एकपासून सुरू झाले आणि त्यांना कोणी थांबवलं नाही. रोज घाटावर मंत्र म्हणणाऱ्या गुरुजींच्या तोंडून तेव्हा फक्त "वाह रे, वाह रे" एवढंच येत होतं.

पुढे ती पिल्लं पोहायला लागली, मोठी झाली, गल्लीतल्या पाच-सहा घरांत गेली. माझी नाशिकला बदली झाली. गुरुजींना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली, की मला तो रविवारच दिसतो, त्यातही शेवटचा भाग.

सगळी पिल्लं पानावर आली, तेव्हा गुरुजी आणि पाहुणे घाटाकडे निघाले. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले. गंगेवर ऊन आलं होतं. पाहुणे पुरचुंडी छातीशी धरून एकेक पायरी उतरत होते आणि मान वाकवून तिला हळू आवाजात काहीतरी सांगत होते, मधेच एका हाताची बोटं शेपटीसारखी हलवून दाखवत होते. गुरुजींना आधीच खूप उशीर झाला होता. तरी ते मुद्दाम चार पायऱ्या मागे राहून चालत होते.