माझा माल नसलेली वाईन

विंचूरजवळच्या त्या वायनरीत मी पहिल्यांदा वाईन चाखली, ती भांडायला गेलो होतो तेव्हा.

दोन हजार सालानंतर आमच्याकडे जो तो वाईनची द्राक्षं लावायला निघाला. मीही कॅबर्ने हे वाण लावलं. भाव द्राक्षातल्या साखरेवर देऊ, असं वायनरीची कंपनी म्हणत होती. मी टेबलावर हात आपटून वजनावर भाव घेतला. भाजीच्या हातगाडीवरून वर आलेला माणूस मी. माझा विश्वास काट्यावर.

मग खायच्या द्राक्षाला करतात तेच केलं. घड औषधात बुडवून मणी फुगवले, तोडणीपर्यंत पाणी दिलं. "पाणी तोडा," असं त्यांचा माणूस बजावून गेला होता. मला वाटलं, वजन पाडायचा डाव.

पुढच्या हंगामाचा करार येईना म्हणून गेलो. वाईन बनवणाऱ्या मुलीने दोन ग्लास पुढे ठेवले.

"काका, आधी हा. तुमच्या बागेतला."

रंग फिका. तोंडात आंबटपणा, मग नुसतं पाणी.

"आता हे मिश्रण. शिराझ आणि कॅबर्ने. सावकाश, चहा नाही तो."

आधी पिकलं जांभूळ, मग मिरीचा चटका. जीभ ओढली गेली, पण हवीशी. गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळली. आपल्या मातीत हे होतं?

"यात माझं किती?"

"काहीच नाही. घालून पाहिलं, सगळं पातळ झालं. यातलं कॅबर्ने चांदवडकडच्या माळावरचं आहे."

"मग माझा माल घेतलात कशाला?"

"तुमच्याच अटीवर घेतला, काका. तुम्ही बोलू कुठं दिलंत?"

मी आवाज चढवला. तिने ऐकून घेतलं. शेवटी म्हणालो, "बरं ताई, साखरेवर देतो. तुम्ही म्हणाल तो भाव." जन्मात असं कुणाला म्हटलं नव्हतं.

"आता वरूनच नवे करार बंद झालेत."

माझी चूक मी नाकारत नाही. पण रोपं, तारा, औषधं, सगळं दाखवायला माणसं बांधावर आली होती. ज्यासाठी हे करायचं, त्याचा एक घोट लागवडीआधी कुणी दिला नाही. तो राग अजून आहे.

पुढच्या हंगामाचा माल खायची द्राक्षं म्हणून बाजारात नेला. फुगवूनही खायच्या द्राक्षापुढे बारीक मणी, जाड साल, आत बिया. व्यापाऱ्याने एक तोंडात टाकला आणि थुंकला. क्रेट परत आणले, बांधावर ओतले. उन्हाळ्यात वेली मुळासकट काढल्या.