मागं ओतलेलं पाणी

पासलीहून, माझ्या माहेरच्या गावाहून, मी निघाले त्या दिवशी आईनं दुपारपर्यंत घर झाडलं नाही. माणूस गेल्यागेल्या केर काढला तर ते परतत नाही, अशी तिची समजूत. दादांनी, म्हणजे वडिलांनी, जीपमध्ये बॅग ठेवली आणि म्हणाले, "जाते म्हनू नगं. येते म्हन." मी म्हटलं. इराणला निघालेल्या मुलीनं 'येते' म्हणायचं, याचं मला हसू आलं होतं. असं हसायचं शिक्षण पुण्यात चांगलं मिळतं. बेहरूझही मला तिथेच मिळाला, फार्मसीच्या वर्गात.

त्याचं गाव डोंगरउतारावर, अक्रोडांच्या झाडीत. सगळे फारसी बोलतात, आणि सगळे म्हणजे माझ्यासकट एकोणीस. वेशीवर सरकारी पाटी आहे: गावाचं नाव, खाली लोकसंख्या. ती लावायला साहेब आले, फीत कापली, भाषण केलं. त्यांच्याबरोबरची माणसं पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त होती. आपल्याकडचे जे दुबईला, अमेरिकेला गेले त्यांना परकं वाटायला निदान उंच इमारती तरी मिळाल्या. इथे भातखाचरं नाहीत, पाऊस नावालाच, पण शहरात गेलेल्या पोरांची वाट बघत ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं पासलीचीच वाटतात.

परकं वाटलं ते एकदाच. पहिल्याच महिन्यात बेहरूझ शहरात निघाला आणि सासूबाई त्याच्या गाडीमागे वाडगाभर पाणी ओतायला लागल्या. आमच्याकडे मागं पाणी ओततात ते मढं उंबऱ्याबाहेर गेल्यावर. मी वाडगा हिसकावून घेतला. कारण कळल्यावर सासूबाई हसून हसून खाली बसल्या. "अगं, पाणी कसं अडत नाही, तसा तोही कुठे अडू नये आणि लवकर परत यावा, म्हणून ओतायचं."

यंदा लढाई सुरू झाली. डोंगरापलीकडून आवाज यायचे आणि खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. त्यातच सासूबाईंचं इन्सुलिन संपत आलं.

"वाट बंद असली तर?" इन्सुलिन आणायला शहरात निघालेल्या बेहरूझला मी विचारलं.

"तर दुसऱ्या वाटेनं."

दुसरी वाट नाही, हे एकोणीसही जणांना माहीत आहे.

सासूबाईंनी या वेळी भरलेला वाडगा माझ्याकडे दिला. अंधश्रद्धेवर भाषण करून मी कॉलेजात कप मिळवला होता. तो वाडगा मात्र माझ्याच्यानं कलवेना. गाडी सुटली तेव्हा कसंबसं ओतलं. मातीनं ते लगेच पिऊन टाकलं, आणि मला वाटलं, मीच मारलं त्याला.

संध्याकाळी त्याचा फोन लागेना. दुसऱ्या दिवशीही नाही. पासलीचा मात्र लागला. मी दादांना सगळं सांगितलं, पाण्यासकट. ते म्हणाले, "थांब. म्या बी हितनं वततो."

मोबाईल तसाच चालू होता. कळशी उचलल्याचा आवाज आला, मग चपलांचा, मग रस्त्यावर पाणी पडल्याचा. त्यापाठोपाठ शेजारच्या गणपाकाकांचा घाबरा आवाज: "कोण गेलं रं?"

"गेलं न्हाई कुनी," दादा म्हणाले. "जावई यायचाय."

बेहरूझ तिसऱ्या दिवशी दुपारी आला. इन्सुलिनचा डबा मांडीवर, गाडीची पुढची काच नाही. तो पाण्यामुळे आला असं मी अजूनही मानत नाही. पण आणलेलं इन्सुलिन महिनाभर पुरेल, आणि मग तो पुन्हा निघेल.

माझं घर कुठलं, असं इथेही विचारतात, तिथेही. हल्ली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एक भरलेली कळशी येते. सासूबाई तशी एक, बेहरूझच्या पुढच्या खेपेसाठी, दारामागे रोज ताजी भरून ठेवतात. दादाही ठेवतात, असं आई परवा फोनवर सांगत होती. त्यातलं पाणी ते कुणाला पिऊ देत नाहीत.