घाईबाईंच्या दोन रेघा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे घाईबाई म्हणत. चहा उभ्याने, बोलणं पळताना. घरी सासूबाई म्हणत, "वारा प्यायलेलं वासरू बरं गं तुझ्यापुढे!"

पण कामाला ही घाई मानवली होती. कडाक्याच्या थंडीत तगणाऱ्या गोगलगायींच्या अंगातली चरबी त्या तपासत. जीव गेला की चरबी मोडू लागते, हवा लागली की खवट होते. रेंगाळलात तर जिवंतपणीचं काही हाती लागतच नाही. घाईबाईंचा नमुना मात्र डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गोठलेला असे.

रेणूंचं वजन करणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर प्रत्येक चरबीचा एक उंचवटा उमटे. त्यातला एक कायम एका बाजूने फुगलेला.

"भांड्यांच्या प्लास्टिकमधलं काहीतरी उतरलं असेल," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले.

घाईबाईंनी सगळी भांडी काचेची घेतली. फुगवटा जागच्या जागी!

"साहेब, या एका उंचवट्यात दोन चरब्या आहेत. वजन सारखं, अणूही तेवढेच, फक्त रेणूतला वाक वेगळ्या जागी. यंत्र वजन करतं, त्याला वाक कुठून कळणार?"

"मग वेगळे करून दाखवा."

चांदीचा क्षार फासलेली काचपट्टी त्या वाकाला धरून ठेवते. कुणाला घट्ट, कुणाला सैल. पण ती उजेडात काळी पडते. म्हणून पडदे ओढायचे आणि पट्टीच्या तळाशी लावलेली चरबी घेऊन द्रव मुंगीच्या पावलांनी वर चढेपर्यंत गप्प बसायचं. घाईबाईंना! एवढं करून पट्टीवर नुसता एकच फराटा. बोटं तेवढी काळीकुट्ट.

"हे कशानं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"चांदीनं."

"आमच्या वेळी चांदीनं हात उजळायचे, बाई!"

शेवटी त्यांनी पट्टी द्रवाच्या भांड्यासकट फ्रिजमध्ये ठेवली. थंडीत चांदीची पकड वाढते. बाहेर काढून, चरबी चमकवणारा रंग फवारून ती जांभळ्या दिव्याखाली धरली आणि त्या ओरडल्याच, "साहेब! दोन!"

साहेब धावत आले. दोन रेघा, मध्ये स्वच्छ फट.

"पुन्हा करा," ते म्हणाले.

पुन्हा दोनच. मग उबेत वाढवलेल्या गोगलगायी घेतल्या. त्यांची दुसरी रेघ जेमतेम दिसत होती, थंडीतल्यांची ठसठशीत. हा इवलासा जीव हिवाळ्यासाठी चरबीची ठेवणच बदलत होता!

"म्हणजे आपले बाकीचे उंचवटे?" साहेबांनी डोक्याला हात लावला. "जे सरळ दिसतात, तेही..."

"सगळे तपासायचे!" घाईबाई आनंदाने म्हणाल्या आणि नवी पट्टी त्यांनी काढलीसुद्धा.