प्लास्टिक भिंतीच्या कुठल्या बाजूला

"पाऊस बाहेरून येतो, मग प्लास्टिकही बाहेरच्याच बाजूला हवं," थोरले दीर गॅरेजमध्ये माझ्या नवऱ्याला सांगत होते. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशीच थांबले.

लग्न होऊन नुकतीच मी अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला त्यांच्या घरी आले होते. गॅरेजचा मागचा भाग अडवून तिथे आम्हा दोघांसाठी खोली होत होती. दोघे भाऊ इंजिनिअर, एक पुलांचा, एक पंपांचा, त्यामुळे सुतार बोलवायचा प्रश्नच नव्हता. थंडी अडवायला भिंतीत भरतात ते, पाठीला कागद चिकटवलेलं इन्सुलेशन भाऊजींनी दुकानातच नापास केलं. कागद भिजेल म्हणाले. त्याऐवजी काचतंतूंचा साधा गुलाबी कापूस आणि प्लास्टिकचा जाडजूड रोल आणला. आधी बाहेरच्या फळ्यांना प्लास्टिक, मग कापूस, मग खोलीच्या बाजूने ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे तक्ते, असा बेत. कोकणात पावसाळ्याआधी पडवीला झापं बांधतात, त्याच हिशेबाने.

माझं लक्ष मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीकडे असायचं. थंडी पडल्यापासून कुकर झाला की काच आतून घामेजायची आणि जाऊबाई जुन्या पंच्याने ती पुसायच्या. बाहेरून काच ठणठणीत कोरडी. हीच वाफ आमच्या खोलीत येऊन भिंतीत शिरली तर बाहेरच्या थंडीने गार झालेल्या त्या प्लास्टिकवर तिचं पाणी होणार, आणि तिथे पुसायला कोण जाणार? आमच्या उशाशी ओला कापूस आणि कुजकं लाकूड.

हे सगळं मी शाळेत इंग्रजीतून शिकले होते. तसंच बोलले असते तर "आली कॉन्व्हेंटची बाई" म्हणून जाऊबाईंनी आठवडाभर सोडलं नसतं. मी मनात मराठी वाक्य जुळवत होते, तोवर भाऊजींनी स्टेपलगनने अर्धी भिंत उरकली. नवऱ्याला हळूच सांगितलं, तर तो म्हणाला, "तूच सांग. दादाने माझं कधी ऐकलं असतं तर मी आज पंपांत नसतो."

जेवणानंतर ड्रायवॉल चढणार होती. एकदा ती ठोकली की कोण उघडून बघतंय?

भाऊजींनी निवलेला चहा उचलला. "काय गं, अशी काय बघतेस?"

"भाऊजी," मी म्हणाले, "ते प्लास्टिक काढा आणि कापसाच्या अलीकडे, खोलीच्या बाजूने लावा. ओल आपल्याच स्वयंपाकातून येतेय."