कारबनभाऊंची जप्ती

समस्त वाचकांना कळवताना माझा ऊर भरून येतो की, या पृथ्वीचं तापमान आटोक्यात ठेवण्याची जबाबदारी एके काळी जुन्नर आणि आंबेगावच्या शिवेवरच्या आमच्या गावातल्या एका सातवी पास माणसाच्या खांद्यावर होती. बाकीच्या जगाला याची कल्पना नव्हती. आम्हाला होती, आणि आम्ही त्याला त्यापायी पोटभर छळलं.

कारबनभाऊ हे वनखात्याच्या डोंगराचे रोजंदारीवरचे राखणदार. दोन हजार सालानंतर कधीतरी पुण्याहून एक साहेब आले. त्यांनी शाळेच्या भिंतीवर चित्रं दाखवली आणि सांगितलं, झाड हवेतला कार्बन ओढून खोडात साठवतं; लाकूड जाळलं की तो परत हवेत जातो. आम्ही चहा-बिस्किटं खाऊन घरी आलो. भाऊ मात्र दीक्षा घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून डोंगरातली वाळकी काटकीसुद्धा उचलायची बंद. "आवं भाऊ, मेलेलं लाकूड हाय ह्ये," बाया विनवायच्या.

"मेलं तरी पोटात कारबन हायच. जाळला की गेला वर. मग त्याला खाली आणायला कोण जाणार, तुमी?"

मोळी जप्त. तिला बाईच्या नावाची चिठ्ठी बांधून ती भाऊंच्या घराच्या भिंतीशी रचली जायची. हा सरकारी माल. त्यातली काडीही ते दात कोरायला घेत नसत.

आमचा अड्डा पिठाच्या गिरणीवर. भाऊ दळण घेऊन आले की मी उठून मुजरा करायचो. "या, या! खोडदच्या दुर्बिणीच्या छत्र्यांना काल तुमचा कारबन दिसला म्हणं. लई वर गेलाय, राव."

"त्या वरचं बघत्यात," भाऊ गंभीरपणे सांगायचे. "आपलं काम खालचं."

एकदा मी म्हणालो, "भाऊ, तुमी श्वास सोडता त्यातबी कारबन असतोय." त्यांचा चेहरा पडला. पुढे कित्येक दिवस ते डोंगर अगदी सावकाश चढायचे, धाप लागू नये म्हणून. आम्ही गिरणीतून बघायचो आणि पोट धरून लोळायचो.

घरात चूल दिवसातून एकदाच पेटायची. बायको म्हणाली, "मला गरम कालवण खाऊ देणारा नवरा पायजे," आणि बोरीला माहेरी गेली ती गेलीच. मागे उरली म्हातारी आई. तिचीही मोळी एकदा जप्त झाली, चिठ्ठीसकट. ती ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझा ल्योक आभाळ राखतोय, बाबा. मी शिळी भाकर खाते, तेवढीच त्याला मदत."

डोंगर मात्र वाढला. आज तो इतका गर्द आहे की डॉक्टरांनी मला सकाळी तिथेच फिरायला सांगितलंय. मी जातो. ज्यांना शिव्या घातल्या, त्या भाऊंनी राखलेली हवा मी फुकट खातो.

आई गेली ती एका सकाळी. आमच्याकडे मयत झाली की घरोघरून सरण येतं. कुणी दोन ओंडके आणतं, कुणी पाटीभर गोवऱ्या. त्या दिवशी गिरणीवर ठरलं, कुणी काही न्यायचं नाही. ठरवणारा मीच. मंचरच्या वखारीतून लाकूड आणावं, तर टेम्पोवाला आमच्यातलाच. त्याचा टेम्पो नेमका बंद पडला. सगळं गाव भाऊंच्या अंगणात हात मागे बांधून उभं राहिलं. आम्हाला एकच बघायचं होतं: भाऊ जप्तीच्या ढिगाला हात लावतात का. एक काटकी जरी ओढली असती, तरी दुसऱ्या दिवसापासून डोंगर आमचा.

"भाऊ, भिंतीला गाडीभर जळण पडलंय," मी मऊ आवाजात म्हणालो. "घ्या की. आईपरीस का कारबन मोठा?"

भाऊंनी ढिगाकडे पाहिलं. मग अंगणात निजवलेल्या आईकडे. "त्ये माझं न्हाई," ते म्हणाले आणि आत गेले. बाज आणून मोडली. शिडी मोडली. शेवटी घराचं दार बिजागऱ्यांतून काढलं आणि कुऱ्हाडीने फोडायला लागले.

"दार सागाचं हाय, भाऊ! वनखात्याची पावती हाय का?" मागून कुणीतरी ओरडलं. आणि आम्ही हसलो. मयताच्या अंगणात, खदाखदा.

खांदा मात्र आम्ही दिला. तेवढी लाज होती. सरण एवढंसं झालं की आईचे पाय बाहेर राहिले. भाऊंनी ते गुडघ्यात दुमडून हळूच आत घेतले. सरण पेटलं. भाऊ मान वर करून धुराकडे बघत होते. माझे हात आता पुढे आले होते, पण रिकामेच. काहीतरी बोलावं म्हणून मी त्यांच्याजवळ गेलो. मला पाहून ते शेजाऱ्याला सांगावं तसं, अगदी साधेपणाने बोलून गेले:

"आई बारीक व्हती म्हणून बरं झालं, राव. थोडक्यात भागलं."